अकारविल्हे आणि संगणक



शब्दकोशांत शब्द शोधण्याची कला आपण बहुधा पांचवी-सहावींत शिकतों, व पुढें ती इतकी अंगवळणी पडते कीं, तींत कांहीं शिकण्यासारखें होतें हेंच आपण विसरून जातों. 'मयूर' हा शब्द पाहिजे असल्यास 'म' उघडावयाचा; 'मत' दिसल्यास पुढें जावयाचें, 'मासा' दिसल्यास मागें यावयाचें. कोश दोनशें पानांचा असो कीं दोन हजार पानांचा, थोड्याच वेळां पानें उलटलीं कीं शब्द हातीं लागतो. हें कशामुळें होतें? कोशकारानें शब्द ज्या क्रमानें लाविले, तोच क्रम वाचकाच्याहि मनांत असतो, एवढ्या एकाच गोष्टीमुळें. ह्या क्रमानें लावण्यास मराठींत 'अकारविल्हे लावणें' असें जुनें व नेटकें नांव आहे. कोशकार व वाचक ह्यांची कधीं भेट झालेली नसते. तरी त्यांच्यामध्यें हा एक न लिहिलेला करार असतो, आणि तो मोडला तर कोशांत असलेला शब्दहि नसल्यासारखाच होतो.

आतां हें काम संगणकाकडे दिलें तर तो तें कसें करितो, हें पाहूं. संगणकाला 'क' म्हणजे काय तें ठाऊक नसतें. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून जगांतील बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास व चिन्हास एकेक अंक नेमून दिलेला आहे. ह्या व्यवस्थेस युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत 'अ' चा अंक २३०९, 'क' चा २३२५, 'ख' चा २३२६ व 'ह' चा २३६१ आहे. काना, वेलांटी, उकार, मात्रा हीं चिन्हें व्यंजनांच्या पुढें येतात. कान्याचा अंक २३६६, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१. 'काका' हा शब्द आपणांस दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाला मात्र ती २३२५, २३६६, २३२५, २३६६ अशी चार अंकांची माळ आहे. दोन शब्दांपैकीं आधीं कोणता, असें विचारलें कीं संगणक एका माळेंतील पहिला अंक दुसरींतील पहिल्याशीं, दुसरा दुसऱ्याशीं, असे ताडून पाहतो, आणि जेथें प्रथम फरक पडेल तेथें लहान अंकाचा शब्द आधीं ठेवितो. एक माळ मध्येंच संपली तर ती आंखूड माळ आधीं. ही रीत अत्यंत जलद आहे, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यानें कांहीं विशेष सांगितलें नाहीं तर पुष्कळ संगणकभाषा हीच वापरतात.

अंकांची वांटणी करणारांनीं आपल्या वर्णमालेचा क्रम पुष्कळ अंशीं राखला असल्यामुळें ह्या रीतीनें लाविलेली मराठी यादी प्रथमदर्शनीं बरोबर वाटते. कंस, कमळ, काम, कीर्ति, कौल, क्रम हे शब्द शब्दकोशांत असावे तसेच उतरतात. आणि येथेंच फसगत होते. कारण पुष्कळसे शब्द नीट बसले कीं उरलेल्यांकडे कोणी पाहत नाहीं.

हीं सात आडनांवें घ्या : केळकर, काळे, कदम, कासार, कावळे, कुलकर्णी, काशीद. पुढें वाचण्यापूर्वीं तीं एका कागदावर अकारविल्हे लावून पाहा. ज्यानें लहानपणीं 'श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ' असें म्हटलें आहे तो कदम, कावळे, काशीद, कासार, काळे, कुलकर्णी, केळकर असें लिहील. संगणकाची यादी मात्र कदम, काळे, कावळे, काशीद, कासार, कुलकर्णी, केळकर अशी येईल. एकटे काळे तीन घरें वर चढले! कारण उघड आहे : 'ल' चा अंक २३५४ असून त्याला लागूनच 'ळ' ला २३५५ हा अंक मिळाला आहे, आणि 'व' त्यांच्या मागून २३५७ वर येतो.

ही जागा कोणी अज्ञानानें दिली असें मात्र समजूं नये. युनिकोडनें देवनागरीचा तक्ता 'इस्की' नांवाच्या भारतीय संकेतावलीच्या १९८८ च्या रूपावरून घेतला. भारतांतील निरनिराळ्या लिप्यांतले समान वर्ण समान जागीं बसवावे, अशी त्या संकेतावलीची योजना होती. उच्चाराच्या दृष्टीनें 'ळ' हा 'ल' चा शेजारी खराच. पण उच्चाराची जवळीक निराळी आणि मुलांच्या तोंडीं बसलेला क्रम निराळा. गुजराती, कन्नड, तेलुगु व मल्याळम् ह्या भाषांतहि 'ळ' चा वर्ण 'ह' च्या मागूनच म्हणतात. अंक हा अक्षराचा पत्ता आहे. पंक्तींतला मान त्यावरून ठरवावयाचा नसतो.

'क्ष' आणि 'ज्ञ' ह्यांची गोष्ट आणखी मौजेची आहे, कारण त्यांना स्वतःचा अंकच नाहीं. 'क्ष' म्हणजे क, पायमोडणी, ष अशी तीन अंकांची माळ. म्हणून संगणकाच्या यादींत क्षीरसागर हें आडनांव 'कौ' च्या नंतर व 'ख' च्या आधीं येतें. जोडाक्षर फोडून पाहणाऱ्या व्याकरणकारास हें मान्य होईल. ज्या वडिलांनीं 'क्ष' हा वर्णमालेच्या शेवटून दुसरा म्हणून पाठ केला आहे, ते मात्र यादीचें शेवटचें पान उघडतील. दोन्ही पक्षांस आधार आहे. माझें मत विचाराल तर, शब्दकोशांत पहिला क्रम चालेल, पण शाळेच्या दारावर लावावयाच्या यादींत दुसराच बरा, कारण ती यादी व्याकरणकारांसाठीं नसते.

परंतु ह्या सर्वांहून अधिक हाल होतात ते 'ॲ' ह्या स्वराचे. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं ठरवून दिलेल्या वर्णमालेंत 'ॲ' व 'ऑ' ह्या स्वरांस स्थान आहे. युनिकोडमध्यें 'ॲ' चा प्रवेश २००८ सालीं, पांच दशांश एक ह्या आवृत्तींत झाला. तोंपर्यंत स्वरांच्या जागा भरून गेल्या होत्या. म्हणून त्याला २४१८ हा अंक मिळाला, म्हणजे 'ह' च्याहि पुष्कळ पुढें. आपल्या शाळांतून ॲग्नेस, ॲन, ॲलिस, ॲंथनी हीं नांवें नित्याचीं आहेत. केवळ अंकांवर लाविलेल्या यादींत ॲग्नेस ही हेलनच्या मागें, अगदीं शेवटीं जाऊन बसेल. तिचे वडील प्रवेशाची यादी पाहावयास आले तर ते 'अ' पासून 'औ' पर्यंत बोट फिरवतील, नांव न दिसल्यास पुन्हां एकदां फिरवतील, आणि मुलीस प्रवेश मिळाला नाहीं असें समजून घरीं जातील. यादींत चूक एकहि नाहीं, नांवहि गळलेलें नाहीं. तरी परिणाम नांव गळल्यासारखाच.

त्यांत आणखी एक अडचण. 'ॲ' हें अक्षर दोन प्रकारांनीं लिहितां येतें : एक, २४१८ हा स्वतंत्र अंक देऊन, दुसरा, 'अ' च्या २३०९ पुढें अर्धचंद्राचा २३७३ हा अंक ठेवून. कागदावर दोन्ही रूपें सारखींच दिसतात. पण संगणकास एक माळ एका अंकाची व दुसरी दोन अंकांची. हीं दोन नांवें एकच आहेत काय, असें विचारल्यास तो 'नाहीं' म्हणेल. एका कारकुनानें पहिल्या रीतीनें नांव नोंदविलें व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधलें, तर मुलगी शाळेंत असून दप्तरांत सांपडणार नाहीं. 'दऱ्या' ह्या शब्दांतील 'ऱ' चीहि अशीच दोन रूपें आहेत : २३५३ हा एक अंक, किंवा 'र' चा २३५२ व खालच्या टिंबाचा २३६४ असे दोन. मात्र येथें युनिकोडनेंच हीं दोन रूपें समान मानावीं असा निर्णय दिलेला आहे, म्हणून नियम जाणणारी आज्ञावली त्यांस एकच मानते. 'ॲ' च्या बाबतींत तसा निर्णय नाहीं. तेथें नोंद करितांनाच सर्वांनीं पहिली रीत पाळणें हाच उपाय.

इंग्रजी यादींतहि हा प्रकार आहेच. इंग्रजी मोठ्या लिपींतील 'ए' चा अंक ६५ व 'झेड' चा ९०. धाकट्या लिपींतील 'ए' मात्र ९७ पासून सुरू होतो. म्हणून एखाद्यानें 'डिसूझा' हें आडनांव धाकट्या 'डी' नें लिहिलें कीं तो थेट मोठ्या 'झेड' च्या झकारियांच्याहि मागें जातो. त्याच नांवांतील वरचें स्वल्पविरामासारखें चिन्ह मोजावें कीं वगळावें, हाहि प्रश्न आहेच. त्याचा अंक ३९ असल्यामुळें तें मोजलें तर डिसूझा हे डाबऱ्यांच्या आधीं येतात व वगळलें तर मागून.

कोणी म्हणेल, सर्व जगासाठीं एकदांच योग्य क्रम ठरवून टाकावा म्हणजे झालें. तें शक्य नाहीं, कारण एकाच रोमन लिपीचे क्रम देशोदेशीं निराळे आहेत. वर दोन टिंबें दिलेला 'ओ' घ्या. जर्मन शब्दकोशांत तो साध्या 'ओ' बरोबर बसतो. जर्मनींतच नांवांच्या याद्यांसाठीं दुसरी एक मान्य रीत आहे. तिच्याप्रमाणें तो 'ओ' व 'ई' अशा दोन अक्षरांसारखा मोजतात. स्वीडनमध्यें तें स्वतंत्र अक्षर असून वर्णमालेच्या शेवटीं, 'झेड' च्याहि नंतर येतें. म्हणजे एकच आडनांव तीन यादींत तीन ठिकाणीं, आणि तिन्ही ठिकाणें बरोबर. शिवाय क्रम काळाप्रमाणेंहि बदलतो. स्पॅनिश भाषेंत 'सी-एच्' व 'एल्-एल्' ह्या जोड्या पूर्वीं स्वतंत्र अक्षरांप्रमाणें वेगळ्या लावीत; १९९४ सालीं स्पॅनिश भाषेच्या अकादमींनीं तें बंद करून त्यांस 'सी' व 'एल्' खालीं घातलें. स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचींत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हीं अक्षरें एकत्र लाविलीं जात. २००६ च्या आवृत्तीपासून तीं निराळीं झालीं.

तेव्हां शहाणपणाची रीत एकच : अक्षराचा पत्ता आणि पंक्तींतील स्थान ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयाच्या, आणि स्थान भाषेप्रमाणें सांगावयाचें. युनिकोडनें शब्दांच्या तुलनेचा एक विधि प्रसिद्ध केला आहे, त्यांत हेंच केलेलें आहे. त्या विधींत प्रत्येक अक्षरास पत्त्याच्या अंकाखेरीज तीन वजनें दिलेलीं असतात. पहिलें वजन मूळ अक्षराचें, दुसरें वरखालच्या आघातचिन्हांचें, तिसरें लहानमोठ्या लिपीचें. परीक्षेंत क्रमांक लावितांना प्रथम एकूण गुण पाहतात. ते समान असतील तरच एखाद्या विषयाचे गुण पाहावयाचे, असा नियम करितात. त्यांतलाच हा प्रकार. दोन संपूर्ण शब्द पहिल्या वजनानें समान ठरले तरच दुसऱ्या वजनाकडे वळावयाचें, आणि तेंहि समान असेल तर तिसऱ्याकडे. ह्यामुळें धाकटा 'डी' व मोठा 'डी' हे एकत्र राहतात, आणि ॲग्नेसहि स्वरांच्या रांगेंत परत येते.

हा मूळ विधि कोणा एका भाषेचा नव्हे. त्याच्या सर्वसामान्य तक्त्यांत 'ळ' अजून 'ल' च्या मागेंच आहे. म्हणून प्रत्येक भाषेसाठीं फरकांचें एक लहानसें नियमपत्र असतें, व निरनिराळ्या भाषांचीं अशीं नियमपत्रें 'सी. एल्. डी. आर्.' नांवाच्या सामायिक भांडारांत ठेविलेलीं आहेत. मराठीच्या नियमपत्रांत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. जर्मन नामावलीची निराळी रीत व स्पॅनिशची जुनी रीत ह्यांचींहि नियमपत्रें तेथें आहेत. दोनतीन अंकांची माळ एकच अक्षर समजून तिला स्वतःची जागा द्यावी, अशीहि सोय नियमपत्रांत करतां येते. 'सी-एच्' साठीं ती वापरलेली आहे, आणि ज्यांस 'क्ष' शेवटीं हवा असेल त्यांच्या उपयोगाचीहि तीच. 'इयत्ता १०' ही 'इयत्ता ९' च्या आधीं येऊं नये म्हणून लागोपाठच्या आंकड्यांची एक संख्या धरावी, असेंहि सांगतां येतें.

आज्ञावली लिहिणाऱ्यास ह्यासाठीं फार कष्ट पडत नाहींत. 'सी' ह्या संगणकभाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथांतच दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत : 'स्ट्रकंप' ही केवळ अंक ताडते, आणि 'स्ट्रकोल' ही चालू प्रदेशाच्या व भाषेच्या नियमांनीं ताडते. 'जावास्क्रिप्ट' भाषेंत 'लोकेलकंपेअर' नांवाची आज्ञा असून तिला भाषेचें नांव सांगावें लागतें. मराठीची खूण 'एम्-आर्' ही दोन अक्षरें. ती खूण लिहिली तर काळे आपल्या जागीं जातात. न लिहिल्यास ज्या यंत्रावर आज्ञावली चालेल त्याच्या भाषेप्रमाणें निकाल लागतो, म्हणजे एकच यादी दोन यंत्रांवर दोन प्रकारांनीं लागूं शकते.

हा केवळ याद्यांच्या टापटिपीचा प्रश्न आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं पुढील भाग नीट वाचावा. संगणक मोठ्या दप्तरांत नांव शोधतो तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नव्हे, तर आपण शब्दकोश उघडतों तसाच : मधलें नांव पाहावयाचें, हवें असलेलें नांव त्याच्या आधींचें कीं नंतरचें तें ठरवावयाचें, आणि अर्धा भाग सोडून द्यावयाचा. अशा रीतीनें एक हजार नांवांत दहा वेळां व एक लाख नांवांत सतरा वेळां पाहिलें कीं काम भागतें. (दोनाचा दहावा व सतरावा घात करून पाहा.) पण ज्या क्रमानें दप्तर लाविलें त्याच क्रमानें शोधलें पाहिजे, ही अट आहे.

ती मोडली तर काय होतें? वरचीं सात आडनांवें अंकांच्या क्रमानें लाविलेलीं आहेत असें समजा : कदम, काळे, कावळे, काशीद, कासार, कुलकर्णी, केळकर. आतां मराठी नियमानें 'काळे' शोधूं. मधलें नांव काशीद. 'ळ' हा 'श' च्या नंतरचा, म्हणून काळे उजवीकडे असले पाहिजेत. डावा अर्धा भाग सोडून दिला. उरलेल्या तिघांत मधले कुलकर्णी. काळे त्यांच्या आधीं. राहिले कासार, 'ळ' हा 'स' च्याहि नंतरचा. पुढें कोणीच उरलें नाहीं. उत्तर : काळे नांवाचा मनुष्य दप्तरांत नाहीं! आणि ते तर दुसऱ्याच ओळींत बसलेले आहेत.

हें कल्पित उदाहरण असलें तरी अशी आपत्ति खरोखरच आलेली आहे. लिनक्स ह्या प्रणालींत 'ग्लिबसी' नांवाचा एक पायाभूत संग्रह वापरतात. तुलनेचे नियम त्यांतच असतात. २०१८ च्या ऑगस्टमध्यें त्याची दोन दशांश अठ्ठावीस ही आवृत्ति निघाली, तींत पुष्कळ भाषांचे क्रमनियम सुधारण्यांत आले. सुधारणा योग्यच होती. परंतु 'पोस्टग्रेस' नांवाची दप्तर-प्रणाली आपल्या सूची ह्याच नियमांनीं लावीत असे. जुन्या नियमांनीं लाविलेल्या सूचींत नव्या नियमांनीं शोध सुरू झाला, आणि असलेल्या नोंदी सांपडेनाशा झाल्या. एकाच नांवाची दोन वेळां नोंद होऊं नये हा बंदोबस्तहि ढिला पडला, कारण नांव आधींपासून आहे हेंच यंत्रास दिसेना. उपाय एकच होता : सर्व सूची नव्यानें लावणें. म्हणून नियमपत्राची आवृत्ति कोणती होती हें दप्तरांत नोंदवून ठेवणें इष्ट असतें.

ह्यावरून सर्वत्र भाषेचे नियमच लावावे असेंहि कोणी समजूं नये. तुर्कस्तानांत १९२८ सालीं रोमन लिपी स्वीकारली गेली. तींत टिंबाचा व बिनटिंबाचा अशीं 'आय' चीं दोन स्वतंत्र अक्षरें आहेत. टिंबाच्या धाकट्या 'आय' चें मोठें रूपहि टिंबाचेंच. म्हणून एखादी आज्ञावली आपल्या अंतर्गत खुणा, जसें 'फाइल' हा इंग्रजी शब्द, मोठ्या लिपींत करून ताडूं लागली, तर इंग्लंडांत दोन्ही खुणा जुळतात व तुर्कस्तानांत जुळत नाहींत. फाइलींचीं नांवें, परवलीचे शब्द, यंत्रानें यंत्रासाठीं ठेविलेल्या खुणा हीं सर्व अंकांनींच ताडावीं. तेथें भाषेचें काम नाहीं. जें माणसाच्या डोळ्यांपुढें यावयाचें व ज्यांत तो बोट फिरवून शोधणार, तें त्याच्या भाषेच्या क्रमानें लावावें.

वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांस संगणक वापरावयास मिळतो त्यांनीं एक प्रयोग करावा. आपल्या वर्गाच्या हजेरीपटांतील नांवें देवनागरींत लिहून घ्यावीं. त्यांत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' व 'ॲ' ह्यांचीं चार नांवें नसतील तर घालावीं. प्रथम ती यादी भाषेचें नांव न सांगतां लावावी, मग मराठीची खूण देऊन लावावी, आणि कोणतीं नांवें हललीं व किती घरें हललीं हें वहींत लिहावें. शेवटीं 'ॲग्नेस' हें नांव दोन्ही प्रकारांनीं लिहून, हीं दोन नांवें एकच आहेत काय, असें संगणकास विचारावें.